निकाल पाहून पैसे: फलनिष्पत्तीच्या करारांत समित्यांनी नेमके काय पाहायचे

१७९० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे कैद्यांचा दुसरा ताफा गेला. त्यातल्या नेपच्यून, सरप्राइज आणि स्कारबरो या तीन जहाजांवर हजाराच्या आसपास कैदी चढवले होते आणि सिडनीला पोचेपर्यंत त्यांतले सुमारे एक चतुर्थांश वाटेतच मेले. जहाजमालकांशी झालेल्या करारात दर कैद्यामागे ठरलेली रक्कम होती, पण ती जहाजात चढलेल्या कैद्याची होती. तो जिवंत उतरतो की नाही, याच्याशी देयकाचा काही संबंध नव्हता. बोभाटा झाल्यावर पुढच्या करारांत रकमेचा काही भाग धडधाकट उतरलेल्या कैद्यांवर ठेवण्यात आला. ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात आणि निकालावर पैसे ठेवले की सगळे सुधारते, असे त्यातून सुचवतात. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. १८१४ मध्ये काही कैदी-जहाजांवर पुन्हा तापाने माणसे मेली, विल्यम रेडफर्न या शल्यवैद्याने चौकशी करून अहवाल दिला आणि १८१५ पासून अशा जहाजांवर नौदलाचा एक डॉक्टर देखरेखीसाठी पाठवला जाऊ लागला. हा डॉक्टर जहाजमालकाचा नोकर नव्हता. खाणे किती मिळते, कैद्यांना डेकवर हवेत आणतात की नाही, झोपण्याची जागा धुतली जाते की नाही, हे सगळे तो सरकारच्या वतीने पाहत असे.

आजच्या फलनिष्पत्ती-आधारित करारांत समित्यांचे जे जाळे दिसते, त्याचा अर्थ समजून घ्यायचा तर हा जहाजावरचा डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे आहे.

आधी करार म्हणजे काय ते पाहू. साध्या कंत्राटात सरकार काम विकत घेते. इतके वर्ग घ्या, इतक्या घरांना भेटी द्या, समुपदेशनाचे इतके तास भरा, असे ठरलेले असते. देयक तपासायला हजेरीपट आणि पावत्या पुरतात. फलनिष्पत्तीच्या करारात सरकार म्हणते की वर्ग घ्या किंवा घेऊ नका, पद्धत तुमची तुम्ही ठरवा, पण बेरोजगार माणूस नोकरीला लागला आणि टिकला, सुटलेला कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळला नाही, मूल वाचायला शिकले, तर पैसे मिळतील. काम करणाऱ्या संस्थेला मोकळीक मिळते आणि अपयशाची जोखीम सरकारच्या अंगावरून उतरते, हे त्याचे आकर्षण. अडचण एवढीच की निकाल हाती यायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर पगार कुठून द्यायचे, हा प्रश्न उरतो. म्हणून काही करारांत गुंतवणूकदार येतो. तो आधी पैसे घालतो आणि निकाल आला तर सरकारकडून ते परताव्यासह वसूल करतो. असा जगातला पहिला करार सप्टेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरो तुरुंगात सुरू झाला. बारा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा झालेल्या पुरुष कैद्यांना सुटकेनंतर आधार द्यायचा, हे काम होते आणि १७ गुंतवणूकदारांनी त्यात ५० लाख पौंड घातले होते.

आता या कराराच्या मेजाभोवती कोण बसते ते पाहावे. निकालाचे पैसे देणारा विभाग असतो, सेवा देणारी संस्था असते, गुंतवणूकदार असतो, बहुधा सगळ्यांना जोडणारा एक मध्यस्थ असतो. ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे ती माणसे बहुतेक वेळा खोलीत नसतात. साध्या कंत्राटात विकत घेणारा आणि विकणारा यांचे हित एकमेकांविरुद्ध ओढत असते आणि त्या ओढाताणीतच आपोआप थोडी देखरेख होऊन जाते. इथे तसे होत नाही. ज्या अधिकाऱ्याने योजना गाजावाजा करून सुरू केली त्याला ती यशस्वी ठरलेली हवी असते, मंत्र्याला हवी असते, संस्थेला पुढचे काम मिळवायचे असते, गुंतवणूकदाराला परतावा हवा असतो आणि मध्यस्थाला असे आणखी दहा करार करायचे असतात. ‘हे तर तसेही झालेच असते’ असे म्हणण्यात या खोलीतल्या एकाचाही फायदा नसतो. माझ्या मते या करारांच्या कारभाराचा गाभा हाच आहे: नकार देण्याची एक खुर्ची मुद्दाम तयार करावी लागते आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याचा पगार यशावर अवलंबून राहणार नाही, याची तजवीज करावी लागते.

ती खुर्ची रिकामी राहिली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या युटा राज्यात दिसले. तिथे बालवाडीच्या एका कार्यक्रमात गुंतवणूकदारांचे पैसे होते. चित्रे दाखवून शब्दसंपदा तपासणाऱ्या एका चाचणीत ज्यांना कमी गुण मिळाले, त्या मुलांना पुढे विशेष शिक्षणाची गरज लागणार असे गृहीत धरले होते. पहिल्या तुकडीत अशी ११० मुले निघाली आणि बालवाडीनंतर त्यांतल्या एकाच मुलाला तशी गरज लागली, म्हणून २०१५ मध्ये १०९ मुलांमागे यश मोजून पैसे दिले गेले. शंभरातली नव्याण्णव मुले! आकडा इतका सुरेख होता की तज्ज्ञांना तोच खटकला. त्या चाचणीत कमी गुण मिळालेल्या प्रत्येक मुलाला खरोखर विशेष शिक्षण लागले असते का, हे पडताळायला बालवाडीत न गेलेल्या तशाच मुलांचा गट तुलनेला ठेवलेलाच नव्हता. त्या कार्यक्रमाने मुलांचे भले केले असेलही. पण त्याने किती भले केले, हे सांगण्याचे साधनच करारात नव्हते आणि मेजाभोवती बसलेल्यांपैकी कुणालाही त्याची उणीव भासण्याचे कारण नव्हते.

पीटरबरोत ही खुर्ची बऱ्यापैकी जागेवर होती. तिथून सुटलेल्या प्रत्येक कैद्याच्या जोडीला देशातल्या इतर तुरुंगांतून सुटलेले, वय आणि गुन्ह्यांचा इतिहास मिळताजुळता असलेले दहापर्यंत कैदी निवडले जात आणि वर्षभरात दोन्हीकडे पुन्हा दोषी ठरण्याच्या घटना किती झाल्या, ते मोजले जाई. हे मोजमाप स्वतंत्र मूल्यमापकांकडे होते. एका तुकडीवर १० टक्के घट दिसली तर त्या तुकडीचे पैसे लगेच, नाहीतर सगळ्या तुकड्या मिळून ७.५ टक्के घट झाल्यास शेवटी पैसे, असे ठरले होते. २०१४ मध्ये पहिल्या तुकडीचा निकाल ८.४ टक्के आला. चांगला होता, पण दहाच्या खाली होता. त्या वेळी पैसे दिले गेले नाहीत. पुढे २०१७ मध्ये एकत्रित घट ९ टक्के असल्याचे जाहीर झाले आणि तेव्हा गुंतवणूकदारांना रक्कम परत मिळाली. ‘जवळपास दहाच आहे की’ असे म्हणून आधीच रक्कम सोडण्याचा मोह होण्यासारखी ती परिस्थिती होती. आकडा, उंबरठा आणि मोजणारा हे तिन्ही आधीच ठरलेले असल्याने त्या मोहाला वाव राहिला नाही.

समित्यांची रचना

बहुतेक करारांत समित्यांचे दोन थर असतात आणि पडताळणी त्यांच्या बाहेर असते. खालच्या थरावर कामकाज समिती असते. ती महिन्याला किंवा पंधरा दिवसांनी भेटते. किती लोक दाखल झाले, किती गळाले, कुठल्या केंद्रावर माणसे कमी पडतात, हे पाहते. तिच्या वर सुकाणू समिती असते. ती तिमाहीतून एकदा भेटते, देयकांना मान्यता देते, करारात बदल करायचा की नाही ते ठरवते आणि वाद मिटवते. हा भेद कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात मात्र दोन्हीकडे तीच ती माणसे बसतात, खालच्या समितीत झालेली गोष्ट वर ‘माहितीसाठी’ म्हणून येते आणि कुणी काही बोलले नाही की ती ठरली असे धरले जाते. त्यामुळे कोणत्या समितीला काय ठरवण्याचा अधिकार नाही, हे लिहून ठेवणे तिच्या अधिकारांची यादी करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मताचा प्रश्नही यातच येतो. सेवा देणारी संस्था आणि गुंतवणूकदार सुकाणू समितीत असावेत, कारण जमिनीवर काय घडते आहे ते त्यांनाच ठाऊक असते. पण देयक मान्य करण्याचा विषय कार्यसूचीवर आला की त्यांना मत नसावे, आणि शक्य असेल तर त्यांनी त्या वेळी खोलीबाहेर जावे. गणपूर्ती मोजताना त्यांची उपस्थिती धरायची नाही, हेही लिहावे. नाहीतर पैसे देणाऱ्या विभागाचा एक आणि पैसे घेणाऱ्यांचे चार, अशा बैठकीत लाखोंची देयके रीतसर मंजूर झाल्याचे इतिवृत्तात दिसते आणि कुठलाही नियम मोडलेला नसतो.

व्याख्या हळूच बदलते तेव्हा

या करारांत मोठे घोटाळे क्वचित होतात. जे होते ते बारीक असते आणि बहुतेक वेळा ‘तांत्रिक बाब’ या नावाने होते. ते कसे होते हे एका कल्पित पण अगदी नेहमीच्या प्रसंगातून पाहू.

करार नोकरी मिळवून देण्याचा आहे. माणूस २६ आठवडे नोकरीत टिकला की संस्थेला त्याच्यामागे पैसे मिळतात. तिमाही बैठकीच्या टिप्पणीत एक ओळ येते: दाखल दावे ४१२, मान्य ३७१, अमान्य २३, प्रलंबित १८. सगळ्यांचे लक्ष ३७१ कडे जाते, कारण पैसे त्यावर आहेत. चांगला अध्यक्ष १८ वर बोट ठेवतो. विचारल्यावर कळते की त्यांतल्या तेरा माणसांच्या २६ आठवड्यांत मध्ये खंड आहे: कुणी आजारी पडले, कुणाचे दुकान बंद झाले आणि आठ-दहा दिवसांनी दुसरीकडे काम मिळाले. करारात ‘सलग’ हा शब्द आहे की नाही, यावर पानाची उलटापालट होते. शब्द आहे, पण त्याची व्याख्या नाही. संस्थेचा प्रतिनिधी म्हणतो की दहा दिवसांच्या खंडाने नोकरी सुटली असे कोण म्हणेल, आणि त्याचे म्हणणे माणुसकीच्या दृष्टीने बरोबरही असते. समिती तेरा दावे मान्य करते. पुढच्या तिमाहीत सतरा दिवसांचा खंड असलेले दावे येतात आणि आधीच्या निर्णयाचा दाखला दिला जातो. वर्षभराने ‘२६ आठवडे नोकरी’ याचा अर्थ ‘साधारण सहा महिन्यांच्या काळात कधी ना कधी काम’ असा होऊन बसतो. किंमत मात्र जुन्या, कडक अर्थाला धरून ठरलेली असते. म्हणजे करारावर कुणीही सही न करता सरकार तेवढ्याच पैशांत कमी वस्तू घेऊ लागते.

यावर उपाय अगदी रूक्ष आहे. अर्थनिर्णयाची एक वेगळी नोंदवही ठेवायची. शंका आली की ती लेखी प्रश्न म्हणून तिथे जाते. उत्तर सुकाणू समिती देते, कामकाज समिती नाही. ते उत्तर पुढच्या तारखेपासून लागू होते आणि ज्या दाव्यांमुळे प्रश्न उभा राहिला त्यांना लागू होत नाही. हा शेवटचा नियम कठोर वाटतो. त्या तेरा जणांना मेहनतीने नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थेवर थोडा अन्यायही होतो. तरी तो ठेवावा, कारण निर्णयाचा लाभ समोरच्या दाव्याला मिळणार असेल तर समितीत बसलेला प्रत्येक जण नियमाचा विचार न करता त्या दाव्याचाच विचार करतो. आणि व्याख्येत बदल झाला की किंमतही पुन्हा तपासली पाहिजे. सैल व्याख्या आणि जुनी किंमत हे मिश्रण लेखापरीक्षकाच्या नजरेला चार वर्षांनी पडते, तेव्हा समितीतले निम्मे लोक बदलून गेलेले असतात.

व्याख्या चुकीच्या टोकाला कडक असली तरी नुकसान होते. ब्रिटनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ‘वर्क प्रोग्राम’मध्ये नोकरी टिकण्यावर पैसे होते. ज्यांना काम मिळणे सोपे त्यांना आधी उचलायचे आणि आजारी, दीर्घकाळ बेकार असलेल्यांना बाकावर बसवून ठेवायचे, अशी खोड अशा करारांना लागते, हे आधीपासून माहीत होते. म्हणून अवघड गटांसाठी जास्त दर ठेवण्यात आले. तरीही मूल्यमापनांत ही खोड दिसलीच. दर वाढवल्याने मोह कमी होतो, संपत नाही. म्हणून सुकाणू समितीपुढे येणाऱ्या तक्त्यात यशस्वी माणसांच्या शेजारी एक रकाना हवा: दाखल होऊन सहा महिने झाले आणि ज्यांना या काळात कुणी भेटलेच नाही, अशी माणसे किती? पीटरबरोच्या मोजणीतही या दृष्टीने एक शहाणपण होते. तिथे ‘पुन्हा गुन्हा केला की नाही’ असा हो-नाहीचा प्रश्न विचारला जात नव्हता, तर घटना मोजल्या जात होत्या. हो-नाहीच्या मोजणीत एकदा चुकलेला माणूस संस्थेसाठी निरुपयोगी होतो, कारण आता त्याच्यावर वेळ घालवून काही मिळायचे नसते. घटना मोजल्या तर तिसरा गुन्हा टाळण्यालाही किंमत राहते.

पडताळणाऱ्याचा पगार कोण देतो

पडताळणीबद्दल पहिला प्रश्न पद्धतीचा विचारला जातो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला असा की पडताळणाऱ्याला नेमतो कोण, पैसे कोण देतो आणि त्याच्या अहवालाचा मसुदा सगळ्यांत आधी कुणाच्या हाती जातो. मसुदा आधी संस्थेकडे ‘वस्तुस्थितीच्या दुरुस्तीसाठी’ जाणे योग्य आहे, कारण चुका खरोखर असतात. पण तिने सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती आणि पडताळणाऱ्याने ती का स्वीकारली किंवा का नाकारली, हे अंतिम अहवालाला जोडलेले हवे.

इंग्लंडमध्ये १८६२ पासून तीन दशकांहून अधिक काळ शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांतल्या निकालांवर दिले जात असे. सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येऊन परीक्षा घेई. दिवस ठरलेला, पुस्तक ठरलेले. साहजिकच शाळा त्या दिवसासाठी मुले घोटून तयार करत. स्वतः निरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नल्ड यांनी या पद्धतीवर सडकून टीका केली. पडताळणी होत होती, प्रामाणिकपणे होत होती, आणि तरी ती मुलांना काय येते हे सांगत नव्हती.

याच्या उलट नमुना रवांडाचा आहे. २००६ पासून तिथे आरोग्यकेंद्रांना संस्थेतले बाळंतपण, बालकांच्या तपासणीच्या भेटी अशा माता-बालआरोग्याच्या चौदा सेवांमागे पैसे देण्याची पद्धत देशभर नेण्यात आली. केंद्रे आपले मासिक अहवाल आणि तिमाही देयके जिल्ह्याच्या सुकाणू समितीकडे पाठवत, आणि ही समिती आलेले कागद तपासून सही करण्यावर थांबत नसे. तिचे लेखापरीक्षक तिमाहीतून एकदा, न कळवता, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारख्या कुठल्याही दिवशी केंद्रावर हजर होत. शिवाय नोंदवहीत ज्यांची नावे आहेत अशा सुमारे हजार रुग्णांना २००६ ते २००८ या काळात प्रत्यक्ष भेटून, तुम्ही खरोखर केंद्रात गेला होता का, असे विचारण्यात आले. खोट्या नोंदींचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत निघाले. आणखी एक बारकावा आहे. सेवांच्या संख्येवर येणारी रक्कम गुणवत्तेच्या निर्देशांकाने गुणली जाई. म्हणजे संख्या भरपूर आणि केंद्र अस्वच्छ, औषधे नाहीत, अशी स्थिती असेल तर देयक त्या प्रमाणात खाली येई. बेरीज करण्याऐवजी गुणाकार करणे ही साधी युक्ती आहे, पण तिच्यामुळे एका बाजूची ढिलाई दुसऱ्या बाजूच्या आकड्यांनी भरून काढता येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संस्थेतल्या बाळंतपणांत २३ टक्क्यांची वाढ नोंदवली गेली. गरोदर मातांच्या चार तपासण्या पूर्ण होण्यात मात्र फरक पडला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाला माझ्या लेखी फार किंमत आहे, कारण जी पद्धत ‘इथे काही झाले नाही’ असे सांगू शकते तिच्याच ‘इथे झाले’ या म्हणण्यावर विश्वास ठेवता येतो.

वाईट बातमी वेळेवर कशी यावी

समितीचे काम देयके तपासण्यापुरते असते, असे समजले तर अर्धे काम सुटते. निकाल हाती येईपर्यंत कामात बदल करणे, हा या करारांचा दुसरा हेतू आहे. राजस्थानातल्या भीलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेने मुलींचा पट वाढवण्याचे आणि मुलामुलींना वाचन-गणित शिकवण्याचे काम अशाच करारावर केले. पैसे देणाऱ्यांत सरकार नव्हते, एक प्रतिष्ठान होते; गुंतवणूक दुसऱ्या प्रतिष्ठानाची होती आणि मोजणी तिसऱ्याच, स्वतंत्र संस्थेची. शिकवलेल्या गावांची तुलना न शिकवलेल्या गावांशी केली जात होती. दोन वर्षे संपली तेव्हा शिकण्याच्या उद्दिष्टाचा जेमतेम निम्मा टप्पा गाठला होता. साध्या अनुदानात अशा वेळी ‘समाधानकारक प्रगती’ असा शेरा मारून फाइल पुढे जाते. इथे आकडा सगळ्यांसमोर होता. शिकवण्याची पद्धत मुलांच्या पातळीप्रमाणे बदलली गेली, कुठली मुले का मागे आहेत हे गावनिहाय पाहिले गेले, आणि तीन वर्षांच्या अखेरीस शिकण्याचे उद्दिष्ट १६० टक्के, पटनोंदणीचे ११६ टक्के गाठले गेले. करार तीन वर्षांच्या एकूण निकालावर होता, म्हणून मधल्या वर्षांची वाईट बातमी सांगण्याची शिक्षा संस्थेला झाली नाही. दर तिमाहीला पैसे कापले असते तर कदाचित ती बातमी इतकी स्वच्छ समोर आली नसती, असा माझा अंदाज आहे.

काही वेळा वाईट बातमी सुधारत नाही आणि काम थांबवावे लागते. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात २०१२ मध्ये किशोरवयीन कैद्यांसाठी असा कार्यक्रम सुरू झाला. गोल्डमन सॅक्स या बँकेने ९६ लाख डॉलरपर्यंतचे कर्ज देऊ केले होते. स्वतंत्र मूल्यमापनात पुन्हा तुरुंगात येण्याच्या प्रमाणावर काहीच परिणाम दिसला नाही आणि तीन वर्षांनंतर थांबण्याची तरतूद वापरून कार्यक्रम ऑगस्ट २०१५ मध्ये बंद झाला. शहराने निकालाचे पैसे दिले नाहीत, म्हणजे करार जसा चालायला हवा तसा चालला. फक्त एक गोष्ट नजरेआड करू नये: खर्च झालेल्या ७२ लाख डॉलरपैकी ६० लाख एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या हमीतून भरून निघाले आणि बँकेचे नुकसान १२ लाखांचे झाले. जोखीम गुंतवणूकदारावर आहे असे टिप्पणीत लिहिलेले असते, तेव्हा समितीने हमी कुणाची, हा पुढचा प्रश्न विचारला पाहिजे.

थांबण्याची तरतूद करारात नसली, किंवा सेवा बंद ठेवणे परवडणारे नसले, तर समिती अडकते. इंग्लंड-वेल्समध्ये सुटलेल्या कैद्यांच्या देखरेखीचे बरेच काम २०१४-१५ मध्ये २१ कंपन्यांकडे गेले आणि त्यांच्या रकमेचा एक भाग निकालांशी जोडला गेला. कामाचे प्रमाण अंदाजापेक्षा कमी आले, कंपन्या तोट्यात गेल्या, आणि देखरेखीविना कैदी सोडून देता येत नसल्याने सरकारला करारच बदलावे लागले. २०१८ मध्ये ते मुदतीआधी संपवण्याचे जाहीर झाले आणि जून २०२१ मध्ये सेवा पुन्हा सरकारकडे आली. ज्या सेवेला पर्याय नाही तिथे समितीच्या हातातला दंडुका पोकळ असतो, हे समोरच्यालाही कळते.

नोंदी, आणि शेपटीचा काळ

इतिवृत्तांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. निर्णय, कारण, विरोधी मत आणि कुणी आपले हितसंबंध सांगितले, एवढे असले की पुरे. ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य कुणाच्याही उपयोगाचे नसते. जहाजावरच्या त्या डॉक्टरांना रोजची वैद्यकीय नोंदवही ठेवावी लागे आणि प्रवास संपल्यावर ती जमा करावी लागे. त्यांतल्या बऱ्याच वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येतात. कुठल्या तारखेला कोण आजारी पडले आणि काय दिले, हे त्यांत आहे. प्रसिद्ध करण्याजोगी माहिती आणि व्यावसायिक गुपित यांच्या सीमेवर बराच वाद होतो, पण निकालाची व्याख्या, उंबरठा, पडताळणीची पद्धत आणि दिलेली एकूण रक्कम या चार गोष्टी गुपित असण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही.

छोट्या करारांना हे सगळे पेलत नाही, हेही मान्य केले पाहिजे. पन्नास-साठ माणसांच्या कार्यक्रमावर दोन समित्या आणि तुलनेचा गट लादला तर देखरेखीचा खर्च सेवेला गिळतो, शिवाय इतक्या लहान संख्येत निम्म्यावरून साठ टक्क्यांवर गेलेला निकाल निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. अशा ठिकाणी साधे कंत्राट करावे आणि ते नीट तपासावे.

राहता राहिला कराराचा शेवट, आणि त्याकडे समित्या सर्वांत उशिरा पाहतात. पीटरबरोची तिसरी तुकडी ठरल्याप्रमाणे झालीच नाही, कारण देशाचे धोरणच बदलले आणि तशीच सेवा सर्वत्र लागू करण्याचे ठरले. तुलनेसाठी सेवा न मिळालेले कैदी उरणार नव्हते. याला समिती काही करू शकत नाही. जे तिच्या हातात आहे ते लहान आहे. २६ आठवड्यांच्या आपल्या कल्पित करारात शेवटच्या महिन्यात दाखल झालेल्या माणसाचे २६ आठवडे करार संपल्यावर पुरे होतात. त्याच्यामागे पैसे मिळणार नसतील तर संस्था शेवटचे सहा महिने नवीन माणूस घेणार नाही, किंवा घेऊन त्याच्याकडे पाहणार नाही. म्हणून दाखल करण्याची शेवटची तारीख आणि पैसे मोजण्याची शेवटची तारीख या दोन वेगळ्या ठेवाव्या लागतात, त्या मधल्या काळात पडताळणाऱ्याचा पगार चालू ठेवावा लागतो, आणि अर्ध्यावर असलेल्या माणसांची कागदपत्रे, त्यांची संमती घेऊन, कुणाच्या ताब्यात जाणार हे सुकाणू समितीला शेवटच्या नव्हे तर शेवटून तिसऱ्या बैठकीत ठरवावे लागते. शेवटच्या बैठकीला गणपूर्ती होईलच, याची खात्री नसते.